कागद न लावता

नाना,

तुमच्या टायपिंग क्लासच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे. मागच्या आठवड्यात एका लग्नासाठी धुळ्याला आले होते, तेव्हा गल्लीतून चालत गेले. जिना तोच आहे, फक्त कठड्याला निळा रंग दिलाय. वर गेले. तुमची खुर्ची असायची तिथे काचेचं कपाट आहे आणि त्यात रिकाम्या फ्रेमा मांडल्या आहेत. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, नंबर काढायचाय का?" मी हो म्हणाले, कारण नाही म्हणून मागे फिरणं जास्त अवघड वाटलं. तिने मला बसवलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी वाचली. शेवटची ओळ नाही आली. खाली उतरताना वाटलं होतं, आता काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. उन्हातून स्टँडवर गेले, जळगावची गाडी धरली आणि पारोळ्यापर्यंत झोपले. घरी आल्यावर हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेलीत आणि त्या शेवटच्या दोन वर्षांबद्दल मी कुणाशी कधी धड बोललेले नाही. तुमच्याशी तर त्या वेळीही बोलले नव्हते.

तुमचा क्लास मला आधी कानांनी आठवतो. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच तो आवाज सुरू व्हायचा, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा, आणि मध्ये मध्ये घंटी. वर तुम्ही पांढऱ्या शर्टात, हात मागे बांधून, दोन रांगांच्या मधून फिरताय. मुलांची नजर बटणांवर जाऊ नये म्हणून तुम्ही प्रत्येक मशीनवर पुठ्ठ्याचं छप्पर केलं होतं. कुणी वाकून पाहायला लागलं की तुम्ही नुसते त्याच्या मागे उभे राहायचात. ओरडणं नाही, काही नाही. तलाठ्यांची पोरं, गावाकडून सायकलवर येणाऱ्या मुली, कोर्टात लागू पाहणारे, सगळे तुमच्याकडून तीस-चाळीस शब्दांच्या वेगाची परीक्षा देऊन गेले. कचेरीत कुठेही गेलं तरी कोपऱ्यातून कुणीतरी उठून यायचं आणि तुमच्या पाया पडायचं. तुम्हाला ते आवडायचं. तुम्ही तसं दाखवायचा नाहीत, पण घरी येताना चाल बदललेली असायची.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, तो तुमच्यामुळेच. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो आणि नातेवाइकांपैकी कुणालाच हे शिक्षण कशाचं, ते सांगता येत नव्हतं. तुम्ही सांगायचात, "मुलगी तारांचं शिकते." मग जळगावला एमआयडीसीत नोकरी लागली. मावशीच्या घरी राहायचं आणि शनिवारी संध्याकाळी एसटीने धुळ्याला यायचं, असं ठरलं. आमचे मालक, ज्यांना कारखान्यात सगळे भाऊ म्हणत, ते आधी पंपांवर लावायच्या नावाच्या पट्ट्या छापायचे. छपाईचं सामान होतं, माणसं होती, आणि पुण्याच्या एका कॉम्प्युटर जोडणाऱ्या कंपनीला की-बोर्डच्या आतली पट्टी स्वस्तात छापून देणारं कुणीतरी हवं होतं. भाऊंनी हो म्हणून टाकलं. म्हणजे काय करायचं, ते शोधायला त्यांनी मला ठेवलं.

पहिल्याच रविवारी मी ती पट्टी तुम्हाला दाखवली. आपण स्वयंपाकघरात बसलो होतो. माय कळण्याच्या भाकरी थापत होती. मी ती पातळ, पारदर्शक फिल्म तुमच्या हातात दिली, तुम्ही ती खिडकीकडे धरलीत. मी सांगितलं, या दोन फिल्म असतात, दोन्हींवर चांदीच्या शाईने रेषा छापलेल्या, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या. मध्ये तिसरी फिल्म, तिला प्रत्येक अक्षराच्या जागी भोक. बोटाने दाबलं की वरची फिल्म त्या भोकातून खाली टेकते, चांदीला चांदी लागते आणि अक्षर उमटतं. बोट काढलं की सुटते. "एवढंच?" तुम्ही विचारलंत. "एवढंच." "आणि वर कशी येते? स्प्रिंग कुठंय?" "फिल्मच स्वतः सरळ होते, नाना." तुम्ही ती बोटाने दाबून पाहिलीत, सोडलीत, परत दाबलीत. "थकत नाही ती?" मी हसले आणि म्हणाले, तिने थकू नये, यासाठीच मला पगार देतात. मायने तव्यावरून मान न वळवता विचारलं, "हाई काय शे? प्लास्टिक?" तुम्ही म्हणालात, "चांदीचं टाइपरायटर शे." घरात तुम्ही अहिराणी क्वचितच बोलायचात, म्हणून ते लक्षात राहिलं. तुमच्यासमोर मी तेव्हा तुमच्या धंद्याचा शेवट धरून बसले होते, हे आपल्या दोघांनाही कळत असणार. कुणी तसं म्हटलं नाही. भाकरी गरम होत्या, आपण जेवलो.

पहिला माल आम्ही त्या वैशाखात पाठवला. जळगावचा वैशाख तुम्हाला सांगायला नको. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चिकटवणीचा वास इतका चढायचा की बायका पदर ओला करून नाकाला बांधायच्या. धूळ आणि जिनिंगमधून उडणारा कापूस आत जाऊ नये म्हणून मी पट्टी चारही बाजूंनी घट्ट बंद केली होती, प्रत्येक भोक वेगळं, हवासुद्धा हलणार नाही असं. मला त्याचा अभिमान होता. एकेक पट्टी मी स्वतः तपासून दिली. महिन्याभरात पुण्याहून तक्रार आली की बटण न दाबताच अक्षरं उमटतात, एकच अक्षर ओळच्या ओळ. माल परत आला. आम्ही तपासला, सगळा ठीक. परत पाठवला, परत तेच. भाऊंचा चेहरा उतरला, पुण्याचे लोक म्हणायला लागले की हे पंपांच्या पट्ट्या छापणारे, यांना काय जमणार. त्या रविवारी मी तुमच्याकडे बसून कुरकुर करत होते. पट्टी चांगली आहे, त्यांच्या हवेत काहीतरी आहे, आमचा दोष नाही, आमच्या उन्हात तर ती नीट चालते. तुम्ही रिबन बदलत होतात, बोटं काळी झालेली. मान वर न करता म्हणालात, "मग त्यांना इथं येऊन बसायला सांग." मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "जिथं वापरणार तिथं चालली पाहिजे ना? तुझ्या दारात चालते याचं कौतुक कुणाला?" आयुष्यात तुम्ही मला बोललात, ते एवढंच. मला राग आला. मी पुढच्या रविवारी आले नाही.

त्या रागात मी पुण्याला फोन लावला आणि त्यांच्या माणसाला विचारलं, तुमच्याकडे खोली कशी आहे. तो म्हणाला, "अहो, कॉम्प्युटरच्या खोलीत एसी असतो. आम्ही मे महिन्यात स्वेटर घालून बसतो." फोन ठेवला आणि मी थेट मावशीच्या घरी गेले. फ्रिजमधून दुधाचं पातेलं बाजूला केलं, पट्टी आत ठेवली, तार दारातून बाहेर काढून बझरला जोडली. मावशी म्हणाली, "पोरीला उन्ह लागलं." आम्ही दोघी फ्रिजसमोर पाटावर बसलो. मावशी भेंडी चिरत होती. तिची भेंडी संपत आली तेव्हा बझर वाजला आणि वाजतच राहिला. मावशीने विळी सोडून फ्रिजचं दार उघडलं, जणू आत कुणी बसलंय. मला सगळं समजलं होतं. आमच्या शेडमध्ये भट्टीसारख्या उन्हात मी त्या भोकांत गरम हवा कोंडली होती. थंड खोलीत गेल्यावर ती आकसायची आणि फिल्मला आत ओढून घ्यायची. कुणी न दाबता चांदीला चांदी लागायची. मी पट्टी इतकी चांगली बंद केली होती की तिला श्वास घ्यायला जागाच नव्हती.

उपाय कागदावर सोपा होता. मधल्या फिल्ममध्ये एका भोकातून दुसऱ्या भोकात जाणाऱ्या बारीक वाटा कापायच्या आणि शेवटी एक वाट बाहेर काढायची. हवा आत-बाहेर होऊ द्यायची. पण हवा येणार म्हणजे ओल येणार, धूळ येणार, आणि मग ती पट्टी किती दिवस टिकणार, हा प्रश्न उरतो. पुण्याच्या लोकांनी सांगितलं की आता शब्दावर माल घेणार नाही, एक पावसाळा काढून दाखवा. कारखान्यात आम्ही एक यंत्र केलं होतं, ते दिवसभर बटणावर ठोके द्यायचं. पण ते नेहमी बरोबर मध्यभागी, सारख्याच जोराने ठोकायचं. माणसाचं बोट तसं पडत नाही. तिरकं पडतं, कडेवर पडतं, करंगळीचं हलकं पडतं. खरी बोटं हवी होती, रोज, तासन्‌तास, कंटाळा न करणारी. तशी बोटं मला एकाच माणसाची माहीत होती.

मी बोर्ड घेऊन क्लासमध्ये आले तो दिवस अजून समोर आहे. लाकडाच्या फळीवर पट्टी बसवलेली, वर शेजारच्या मोल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली पांढरी बटणं, आणि एक तार जी एका डबीला जाते. डबीवर एक छोटा दिवा. कुठलंही बटण लागलं की दिवा लागतो, सुटलं की विझतो. कॉम्प्युटर आमच्या कारखान्यातच एक होता, तो कुठून आणणार. मी तुम्हाला समजावलं, रोज सकाळी पहिली बॅच यायच्या आधी थोडा वेळ यावर टाइप करा. बटण दाबून दिवा लागला नाही, किंवा न दाबता लागला, तर मला कळवा. तुम्ही खुर्ची ओढलीत, सवयीने कागद लावायला हात वर नेलात आणि तिथे रोलर नाही म्हणून तो हात तसाच हवेत राहिला. मग खाली घेतलात. थोडं टाइप केलंत. दिवा लुकलुकला. तुमच्या वेगाला तो धड विझतही नव्हता. तुम्ही विचारलंत, "मी लिहितो ते कुठं जातं?"

"कुठंच नाही, नाना. नुसता दिवा लागतो."

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि परत सुरू केलंत.

मला तेव्हा त्यात काहीच दिसलं नाही. मी तुमच्या खांद्यावरून दिव्याकडे पाहत होते.

पुढच्या वेळी आले तेव्हा बोर्डावर रेक्झिनचं काळं कव्हर होतं. तुम्ही मायकडून शिवून घेतलं होतं, बाकीच्या मशीनांना होतं तसंच, कडेला तीच पांढरी दुहेरी शिलाई. तो रांगेतल्या शेवटच्या टेबलावर ठेवलेला असायचा. विद्यार्थी विचारायचे, सर, हे काय? तुम्ही म्हणायचात, "मुलीचं काम आहे." त्याच सुमाराला समोरच्या इमारतीत कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली, इंग्रजीत, खाली सहा महिन्यांच्या कोर्सची नावं. तुमच्या बॅचा आधी पातळ झाल्या, मग दोनाच्या एक झाल्या. मशीनं कव्हरखाली राहायला लागली. मी तुम्हाला एकदा म्हणाले, नाना, आपणही दोन कॉम्प्युटर घेऊ, मी जोडून देईन. तुम्ही खिडकीतून त्या पाटीकडे बघत म्हणालात, "मला जे येतं ते शिकवतो. ते ज्याला हवं तो येईल." रागाने नाही, आज भाजी कुठली हे सांगावं तसं. मी पुन्हा विषय काढला नाही. मला वेळही नव्हता. मी येताना हातात तपासायची यादी असायची, आल्या आल्या बोर्ड उलटा करून बघायची, तुमचा चहा गार व्हायचा.

श्रावणात तुम्ही खालच्या किराणा दुकानातून कारखान्यात फोन केलात. ऑफिसात तुमचा आवाज मी ओळखलाच नाही, इतक्या मोठ्याने तुम्ही बोलत होतात, जणू जळगावपर्यंत तोच पोचवायचाय. "तुझा दिवा आपला आपणच लागतोय. कालपासून. मी हात लावत नाहीये." मी दुसऱ्या दिवशी सुटी काढून आले, पट्टी उकलली आणि तिथेच खिडकीत भिंग लावून पाहिलं. हवेसाठी ठेवलेल्या वाटेजवळ, दोन रेषांच्या मध्ये, काळपट काहीतरी वाढलं होतं, गव्हाच्या रोपाची मुळं असतात तसं. ओल मिळाली आणि वीज सोबत असली की चांदी जागची हलते. एका रेषेतून निघते आणि कणाकणाने दुसऱ्या रेषेकडे सरकत जाते, आणि पोचली की बटण कुणी न दाबताच लागतं. मी तुम्हाला भिंगातून दाखवलं. तुम्ही बराच वेळ पाहत होतात. "चालत गेली?" तुम्ही विचारलंत. "हो." "एवढीशी ओल लागली तर?" "एवढीशीच लागते." तुम्ही भिंग परत दिलंत. त्या दिवशी पाऊस नव्हता, पण खोलीला ओल्या कागदांचा वास होता. मला मनातून आनंद झाला होता. दोष सापडणं म्हणजे आमच्या कामात अर्धं जिंकणं असतं.

दुसरी पट्टी करायला हिवाळा गेला. चांदीवर कोळशासारख्या काळ्या शाईचा आणखी एक थर दिला, म्हणजे चांदी झाकली जाईल आणि हलायची नाही. रेषांमधलं अंतर वाढवलं. हवेची वाट रेषांपासून लांब, वळण घेऊन मागच्या बाजूला काढली. ती पट्टी मी तुमच्या बोर्डावर बसवली आणि तुम्ही पुन्हा सकाळी सकाळी सुरू झालात. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दर रविवारी तुम्ही दारातच सांगायचात, "दिवा ठीक." आपलं बोलणं बहुतेक तेवढंच होतं. तुम्ही दमता असं माय म्हणायची, जिना चढून आलात की थोडं बसता. मी म्हणायचे, दवाखान्यात दाखवून घ्या. तुम्ही हो म्हणायचात. मी विचारल्याचं समाधान मला पुरायचं.

तुम्ही गेलात ते सकाळी, क्लासमध्ये. त्या काळात तुमच्याकडे एक लग्न झालेली बाई यायची, शिरपूरकडची, नवरा वारलेला, त्याच्या जागी तिला जिल्हा परिषदेत लागायचं होतं आणि त्यासाठी टायपिंगची परीक्षा हवी होती. बहुतेक सकाळी ती एकटीच असायची. तिनेच नंतर मला सगळं सांगितलं, आपल्या ओट्यावर बसून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. ती आली तेव्हा तुम्ही शेवटच्या टेबलाशी तिच्याकडे पाठ करून बसला होतात, हात बोर्डावर, आणि दिवा लागलेला. तिला वाटलं सर काम करताहेत. तिने आवाज न करता आपल्या मशीनचं कव्हर काढलं, कागद लावला आणि दिलेला उतारा सुरू केला. "चुका होत व्हत्यात मन्या," ती म्हणाली, "मले वाटे, आते सर उठतीन, आते बोलतीन." तिने अख्खं पान संपवलं. मग कागद काढून तुम्हाला दाखवायला घेऊन गेली. दिवा तेव्हाही लागलेला होता, कारण तुमचा हात बटणांवरून सरकला नव्हता.

तिने ते पान मला आणून दिलं. मी ते पाहिलं, चुका बऱ्याच होत्या. मग तिलाच परत दिलं. नंतर तिला नोकरी लागली, ते कळलं.

तेराव्यापर्यंत मी धुळ्यात होते. लोक येत होते, तुमचे विद्यार्थी, काही तर साहेब झालेले, ओट्यावर मावत नव्हते. भाऊही जळगावहून आले, मायसमोर हात जोडून बसले आणि कामाबद्दल एक अक्षर काढलं नाही. मीच त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले आणि म्हणाले की पट्टी मी घेऊन येते. दोन पावसाळे नव्हेत, पण एक पुरा पावसाळा आणि दोन्ही बाजूंचे ऋतू माणसाच्या हाताखाली चाललेली ती एकच पट्टी होती. ती उकलून आत काय झालंय हे पाहिल्याशिवाय पुण्याला काही सांगता येत नव्हतं. मी क्लासमध्ये गेले, बोर्ड कव्हरसकट घरी आणला आणि स्क्रू काढायला लागले. माय कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "त्यास्ना हात लागेल शे त्याले. राहू दे घरमा."

मी म्हणाले, "माय, हे कामाचं आहे."

मी पट्टी काढून रिकामा बोर्ड तिच्याजवळ ठेवला, कव्हरही ठेवलं. तिने कव्हरची घडी घातली.

जळगावला मी ती पट्टी टेबलावर पसरली. वरची फिल्म सोडवली आणि प्रकाश तिरपा पाडला तेव्हा तिच्यावर ठसे दिसले, बटणाबटणाच्या जागी खोलगट, वाटीसारखे. काही खोल, काही अगदी हलके. तुमच्या उजव्या हाताची बोटं जड पडायची, हे मला तेव्हा कळलं. कुठली अक्षरं जास्त दाबली गेली हेही कळत होतं, पण कोणत्यामागून कोणतं हे कळायला मार्ग नव्हता. तुम्ही रोज सकाळी काय टाइप करत होतात, परीक्षेचे उतारे, की पत्रं, की नुसता बोटांचा व्यायाम, हे त्या फिल्मवर नव्हतं. दिव्यात तर नव्हतंच. शेजारच्या टेबलावरची बाई मला म्हणाली, ताई, ही नका कापू, आपण दुसरी चालवून बघू. मी म्हणाले, दुसरी चालवायला आता कोण आहे? आणि कात्री घेतली. नमुना आडवा कापल्याशिवाय शाईचे थर दिसत नाहीत. मी सर्वांत खोल ठसे आधी कापले, कारण झीज तिथे असणार. एकेक तुकडा भिंगाखाली धरला. काळा थर कुठे तुटला नव्हता. चांदी जागच्या जागी होती. वाटेजवळ मुळं नव्हती. फिल्म दर वेळी वर आली होती. कापणं सरळ आलं.

मी धुळ्याला गेले तेव्हा मायने विचारलं, "बठ्ठं कापी टाकं का?"

"हो."

"मंग काय सापडनं?"

"काही नाही, माय. चांगली होती. कुठंच खराब झालेली नव्हती."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "तुन्हा बाप माणूसच तसा व्हता," ती म्हणाली, "जे हाती घेतं ते खराब करं नही." मग तिने मला वाढलं. मी पोटभर जेवले.

पुण्याने माल घेतला. पुढे त्याच रचनेवर आम्ही वजनकाट्यांच्या पट्ट्या केल्या, एसटीडी बूथच्या यंत्रांच्या केल्या, दवाखान्यातल्या मशीनांच्या केल्या. भाऊंनी दुसरी शेड बांधली आणि मला त्या विभागाचं सगळं पाहायला दिलं. मी तिथेच राहिले, तिथूनच निवृत्त झाले. तुमची मशीनं मायने विद्यार्थ्यांना वाटून टाकली, जो मागेल त्याला. ती नंतर माझ्याकडे जळगावला आली, बरीच वर्षं होती. शेवटपर्यंत माझ्या कारखान्यात काय बनतं असं कुणी विचारलं की ती सांगायची, चांदीचं टाइपरायटर. मी दुरुस्त करायची नाही.

नवीन लागलेल्या मुलांना मी बरीच वर्षं शिकवलं. पहिल्या दिवशी सांगायचे की बटण दोनच गोष्टींसाठी असतं, दाबल्यावर दर वेळी लागलं पाहिजे आणि न दाबता कधीही लागता कामा नये. मग त्यांना घट्ट बंद केलेल्या पट्टीची गोष्ट सांगायचे, फ्रिजची सांगायचे, ती हसायची. मुळं फुटलेल्या चांदीची सांगायचे. तुमची नाही सांगितली. लपवायचं होतं असं नाही. तिथपर्यंत आले की मला पुढचा मुद्दा आठवायचा आणि मी तिकडे वळायचे.

आता इतकं लिहिल्यावर थांबायला हवं. हे कुठे पाठवायचं नाही, आणि माझ्या मुलालाही दाखवणार नाही, कारण तो मला जवळ घेईल आणि मला काय करावं ते सुचणार नाही. एक गोष्ट मात्र सांगून टाकते. तुम्ही गेल्यानंतरचं वर्ष मी दुःखात काढलं असं सगळे धरून चालले, मायसुद्धा, आणि मी कुणाला नाही म्हटलं नाही. पण त्या वर्षी पट्ट्या परत येणं बंद झालं होतं. सकाळी शेडचं कुलूप मी स्वतः उघडायची, आणि बायका यायच्या आधी थोडा वेळ एकटीच उभी राहायची, सगळं नीट चाललंय हे बघत. नाना, त्या वर्षी मी सुखात होते.